स्वयंपाकघराखालचं भोक

भोकेसाहेबांचं खरं नाव बायकोला आणि पोस्टमनला ठाऊक होतं. बाकी सगळे त्यांना भोकेसाहेबच म्हणायचे. हे नाव त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या बोअरवाल्याने ठेवलं होतं, आणि त्याचा राग धरायचीही सोय नव्हती. जन्मभर दुसऱ्यांच्या जमिनीला भोकं पाडत हिंडणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार, राजेसाहेब?

काम म्हणाल तर साधं होतं. त्यांच्या भागात मातीखाली चुनखडीचा खडक. पाणी मुरत मुरत त्याला आतून पोखरायचं. वर गवत हिरवंगार, फुलपाखरं बागडताहेत, आणि खाली सगळा पोकळ कारभार! मग एक दिवस वरची माती धाडकन खाली जायची आणि तिथे भलं मोठं भगदाड पडायचं. म्हणून घर बांधण्याआधी लोक भोकेसाहेबांना बोलवायचे. ते जमिनीत एका ओळीत छोटी यंत्रं रोवायचे. त्या यंत्रांना ते सरळ ‘कान’ म्हणत. मग जमिनीवर ठेवलेल्या जाड लोखंडी पत्र्यावर घण घालायचा आणि खालून आलेला हादरा पडद्यावरच्या रेषेत बघायचा. संशय आला तर बोअर घेऊन खात्री करायची, आणि काम झालं की प्रत्येक भोक सिमेंटच्या पातळ काल्याने तोंडापर्यंत भरायचं. उघडं भोक म्हणजे पावसाच्या पाण्याला आत यायचं आमंत्रण. एखाद्याने भरायचा कंटाळा केला, तर भोकेसाहेब त्याची अशी हजेरी घ्यायचे की शेजारच्या प्लॉटवरचे लोकही दचकायचे.

घाबरलेली नवरा-बायको समोर आली की साहेबांचा आवाज मऊ व्हायचा. "हे बघा, शंभर टक्के भरीव जमीन जगात कुठेच नाही. पोकळी सापडली तर सापडली. ती भरायची, पाया नीट घालायचा आणि खुशाल राहायचं. भीत भीत घर होतं का कधी?" लोकांचा जीव भांड्यात पडायचा. घरं उभी राहायची. आणि जगाला धीर देणारा हा वीरपुरुष संध्याकाळी जिना चढून भाड्याच्या दोन खोल्यांत जाऊन बसायचा. तिसऱ्या मजल्यावर. का, तर वर जरा सुरक्षित वाटतं म्हणे.

"खचलं तर तिसऱ्या मजल्यासकट खाली जाऊ," बायको म्हणायची. "तुम्ही काय वर लटकून राहणार आहात?"

स्वतःच्या घरासाठी साहेबांनी जमिनी पाहिल्या नव्हत्या असं नाही. खंडीभर पाहिल्या. एका जमिनीचं फाटक किंचित कललेलं होतं, म्हणून नको. एकीवरचं डबकं फार लवकर आटलं, म्हणून नको. एका जमिनीत संशय घ्यावा असं काहीच सापडलं नाही, आणि साहेबांना नेमका त्याचाच संशय आला. ‘आपण पक्के भित्रे आहोत,’ हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. आरशासमोर दाढी करताना ते स्वतःला सांगायचेही. दाढी संपली की विसरायचे.

बायको शाळेत शिकवायची. निवृत्त झाली आणि तिने विचारणंच सोडलं. जमीन पाहिली, घेतली, आणि नवऱ्याला सांगितलं, "तपासायचं काम तुमचं, बांधायचं माझं. लवकर आटपा. या वयात माणसाने घराची वाट बघू नये, घरात बसावं."

ती रोज दुपारी तिथे जायची. विटा मांडून तिने खोल्या आखल्या. हे स्वयंपाकघर, ही बाहेरची खोली, इथे खिडकी. स्वयंपाकघरात एक घडीची खुर्ची टाकून ती थर्मासमधला चहा प्यायची आणि अजून नसलेल्या खिडकीतून बाहेर बघायची. मधेच उठून एका खोलीतून दुसरीत जायची. तेवढ्यात साहेब ओरडायचे, "अगं, हलू नकोस! रेषा बिघडते!"

बिचारीला त्याची सवय होती. घरीही तेच. साहेब दिवसभरातल्या रेषा पडद्यावर तपासत बसले की हिने भांडं आपटायचं नाही, पाय वाजवायचा नाही, बाजारात निघाली असली तरी दारातच थबकायचं. नवरा जमिनीचं ऐकतोय ना! बायकोचं कधी ऐकलं होतं का, ते सोडा.

कान रोवले, घण घातला. जमीन उत्तम निघाली. साहेबांचं समाधान झालं नाही. बोअर घेतली. खाली ठणठणीत खडक. तरी समाधान नाही. शेजारी आणखी एक घेतली, मग त्या कोपऱ्यात एक, मग स्वयंपाकघराच्या आखणीला लागून एक.

"आता भरायची ना?" बोअरवाल्याने विचारलं.

"राहू दे. पावसाळ्यानंतर पुन्हा बघू. तेवढ्यासाठी परत कोण खणणार?"

बोअरवाला मुळातच कामाचा कंटाळा असलेला माणूस. "तुमची जमीन, तुमची भोकं," म्हणत त्याने प्रत्येकावर एकेक फरशी टाकली आणि आनंदाने घरी गेला. दुसरा कुणी असं वागला असता तर साहेबांनी त्याला फाडून खाल्लं असतं. पण घरच्या रोग्यापुढे भल्याभल्या डॉक्टरची अक्कल गहाण पडते, तसं झालं.

एक पावसाळा झाला, मग दुसरा. साहेबांनी पुन्हा तपासलं, पुन्हा खात्री पटली नाही, पुन्हा भोकं. बायको दर वेळी खुर्ची थोडी सरकवायची. आधी कुरकुरायची, मग तेही थांबलं. त्या गप्प बसण्याची साहेबांना जमिनीपेक्षा जास्त भीती वाटायला हवी होती.

एका दुपारी बायको बोअरवाल्याला चहाचा कप द्यायला फाटकापर्यंत गेली. साहेब पाठमोरे उभे राहून वायर गुंडाळत होते. मागे भस्सकन आवाज झाला. मोठा नाही, पीठ चाळणीतून एकदम पडावं तेवढाच. वळून बघतात तो स्वयंपाकघर गायब! विटा नाहीत, थर्मास नाही, खुर्ची नाही.

साहेब धावले, पडले, रांगत कडेला गेले आणि पालथे पडून त्या भगदाडात ओरडले, "अगं! आहेस ना? बोल ना काहीतरी!"

"आहे," मागून आवाज आला. "इकडे उभी आहे. तुम्ही आधी कडेवरून मागे या."

तिला धडधाकट बघून साहेबांना रडू फुटलं. नाक वाहत होतं. आणि या थोर माणसाच्या तोंडून पहिलं वाक्य काय निघावं? "बघ! मी म्हणत नव्हतो?"

साहेबांनी जरा रुबाबात भगदाडात डोकावून पाहिलं आणि तो रुबाब तिथेच गळाला. मातीच्या उभ्या भिंतीत एक गोल, सुबक खाच वरपासून खालपर्यंत गेली होती. त्यांचीच बोअर. तिच्यातून पाणी उतरल्याच्या ओल्या रेघा दिसत होत्या. दोन पावसाळे पाणी त्या वाटेने सुखाने आत गेलं होतं आणि खालची माती खडकाच्या भेगांतून घेऊन गेलं होतं.

"जमीन चांगली होती गं," ते कसेबसे म्हणाले. "मी पोकळ केली. तपासून तपासून. तू त्या खुर्चीत असतीस तर..." त्यांनी बाहीने नाक पुसलं. "दुसरी जमीन बघू. मी यापुढे हातच लावणार नाही."

"दुसरी नको." तिचा आवाज चढला होता. "इतकी वर्षं रोज तुमचं फोनवरचं बोलणं ऐकतेय मी. पोकळी सापडली तर भरायची, पाया नीट घालायचा. सगळ्या जगाला सांगता, आणि मला एकटीलाच नाही सांगितलंत. मला भरीव जमीन कधीच नको होती. मला घर हवं होतं. आणि त्यात तुम्ही हवे होतात, हे असे कडेला पालथे पडलेले नव्हे."

भगदाड भरलं. सगळी भोकं भरली, तोंडापर्यंत, साहेबांनी स्वतः उभं राहून. काला सुकल्यावर शेवटची तपासणी होती. कान रोवले. साहेबांनी घण उचलला आणि पडद्यावरची रेषा घण न घालताच थरथरली.

बायको चालत होती. नव्याने मांडलेल्या विटांमधून, स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत, तिथून खिडकीपाशी. प्रत्येक पावलाला रेषा उसळत होती.

बोअरवाला सवयीने ओरडला, "वहिनी, हलू नका!"

ती जागच्या जागी थबकली, एक पाय अर्धवट उचललेला. किती वर्षं ही बाई अशी थबकत आली, हे साहेबांना तेव्हा दिसलं. त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली.

"थांबू ना?" तिने विचारलं. "रेषा बिघडेल तुमची."

"बिघडू दे," भोकेसाहेब म्हणाले आणि त्यांनी घण खाली ठेवला. "तू चाल."

त्याच संध्याकाळी त्यांनी गवंड्याला फोन केला.