दिनूची घोरपड

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, माहेरी आईपाशीही नाही. तुम्हाला का सांगते आहे — तेही नीट कळत नाही.

आमचं घर माले गावात, रस्त्यापासून जरा वर. घरात सासरे, नवरा, मी आणि धाकटा दीर दिनू. माझं लग्न झालं तेव्हा तो शाळेत होता, म्हणून मी त्याला अरेतुरेच करते. पुढं तो पिरंगुटला कंपनीत लागला. एका वर्षी भात कापताना त्याला बांधावर घोरपडीचं पिल्लू सापडलं. मागचा पाय विळ्यानं कापलेला. विळा त्याचाच. हळद दाबून घरी आणलं आणि परसातल्या कोंबड्यांच्या रिकाम्या खुराड्यात ठेवलं. पाय बरा झाला की सोडू, म्हणाला. पाय बरा झाला, पण ती लंगडी राहिली — आणि सोडायचं राहूनच गेलं. घोरपड घरात ठेवणं गुन्हा आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी विषय काढला नाही.

दिवसा दिनू कामावर. मग खायला घालणार कोण? मीच. कच्चं अंडं, कोंबडीचं काळीज, कधी खाचरातले खेकडे. थंडीत ती काही खायची नाही, भिंतीला चिकटून पडायची. मला वाटायचं, मेली. धरायला दिनूनंच शिकवलं. "वरनं हात न्यायचा न्हाई, वयनी. वरनं येती ती घार. बाजूनं न्या." एक हात पुढच्या पायांखाली, एक मागच्या, शेपटी काखेत.  नंतर माझी पावलं वाजली की ती दाराशी यायला लागली. दुभंगलेली जीभ मनगटावर फिरवायची. मला ते आवडायचं का? — आवडायचं.

मग सासऱ्यांचे गुडघे गेले. उठवायचं मी, मोरीत न्यायचं मी. डॉक्टर ऑपरेशन म्हणाले, मामंजी नको म्हणाले. पलीकडच्या वाडीतला एक म्हातारा झाडपाला द्यायचा. तो ओट्यावर बसून म्हणाला, "घोरपडीचं त्याल चोळा. चालाया लागतील." बोलताना त्याची नजर परसाकडे होती.

मला ते खरं वाटलं का? नाही वाटलं. बारावी झालेली आहे माझी. मग का? थकले होते, म्हणू? वन खात्याची भीती होती, म्हणू? म्हणता येईल. पण त्या दिवशी मनात एवढंच होतं — घरातलं एक काम कमी होईल.

दिनू पहिल्या पाळीला गेला होता. म्हातारा पोतं घेऊन आला. त्यानं वरून हात घातला तशी ती फुगली, फुसकारली, शेपटी हाणली. तो मागं सरला. "तुमीच काढा," म्हणाला. मी बाजूनं हात नेला. ती आली. मी तिला पोत्यात ठेवलं. ठेवलं — टाकलं नाही. काही फरक आहे का यात?

संध्याकाळी दिनूला म्हटलं, कडी उघडी होती. सकाळी तूच अंडं ठेवून गेलास ना? तो खुराड्यापाशी गेला, कडी हलवून पाहिली. मग म्हणाला, "व्हय. माझ्याच्यानंच ऱ्हायली आसंल." कितीतरी दिवस तो बांधाबांधानं हिंडला, कपारींपाशी अंडी ठेवत. लंगडी हाय, कुत्री फाडतील, म्हणायचा. मी त्याचं ताट झाकून ठेवायचे.

तेल आलं — खोकल्याच्या औषधाच्या जुन्या बाटलीत. कशाचं, दिनूनं विचारलं. करंजाचं, मी म्हटलं. मला त्याचा वास सोसेना. ते पाहून तोच म्हणाला, "ठिवा वयनी, मी चोळतो." जेवणं झाली की तो बापाच्या पायाशी बसायचा आणि सावकाश चोळायचा. त्याचे तळहात चकचकीत व्हायचे. मी भांडी घासत असायचे, तिथून दिसायचं. बाटली संपेपर्यंत हे चाललं. मी थांबवलं नाही. रडूही आलं नाही. भांडी घासली, पालथी घातली.

गुडघ्यांत काही फरक पडला नाही. मामंजी अंथरुणातच गेले.

दिनू आता बायकोबरोबर भरे गावात राहतो. घरातून निघाला की अर्ध्या वाटेवरून परत फिरतो, कडी लागली का बघायला. परवा दोघं आले होते. त्याची बायको हसत सांगत होती, "लई इसराळू हायेत हे. आपल्या तोंडानंच सांगत्यात." दिनूही हसला. म्हणाला, "व्हय, पयल्यापासनंच."

मीही हसले आणि चहा गाळायला आत गेले.