मामाच्या मांडीवरचं जावळ

माझ्या पोराचं जावळ काढायचं ठरलं आणि मी ते पुढं ढकलायची निमित्तं शोधू लागले. सासूबाईंची हौस मात्र उतू जात होती. जावळ मामाच्या मांडीवर काढतात, म्हणून त्यांनी माझ्या भावाला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. कोराडीच्या वीजकेंद्राच्या कॉलनीतलं आमचं क्वार्टर पाहुण्यांनी गच्च भरलं होतं.

मला धास्ती वस्तऱ्याची. माझ्या भावाचं रक्त लवकर थांबायचंच नाही. लहानपणी दात पडला, तर कितीतरी दिवस त्याची उशी लाल. गुडघ्यात आतल्या आत रक्त साचून पाय वाकडा झाला तो झालाच. आईचा भाऊ तर अशाच रक्तानं शाळकरी वयात गेला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, रक्त गोठवणारा एक घटक भावाच्या रक्तात जन्मापासूनच कमी आहे. आईला त्रास होत नाही, पण तिच्याकडून पोरांत उतरतं. आईनं गावाला सांगितलं, पोरगा सायकलवरून पडला म्हणून पाय वाकडा. आणि मला शपथ घातली, "सासरी बोलशील तर माझं मेलेलं तोंड पाहशील. तुझ्या धाकट्या बहिणीचं लग्न व्हायचं हाय." घ्या! आता बोलायचं कोणापाशी, कप्पाळ?

इकडे पोर रांगायला लागलं तसे त्याच्या गुडघ्यांवर निळे डाग उठत होते. सासूबाई त्यावर हळद लावायच्या आणि मी रोज मरत होते.

न्हाव्यानं वस्तरा काढला. भाऊ वाकडा पाय कसाबसा सावरून पाटावर बसला, मांडीवर पोर.

"कैचीनंच काढू ना थोडेसे केस," मी म्हटलं.

"काहून?" सासूबाई भडकल्या. "आमच्या घरी असं कधी झालं नाही. चाल गा, कर सुरू!"

वस्तरा टाळूवर टेकणार, तेवढ्यात भावानं पोराच्या डोक्यावर आपला पंजा ठेवला. वस्तऱ्याच्या धारेखाली, त्यानं! माझा जीव दोघांसाठी उडाला.

"थांब गा!" त्यानं सासूबाईंकडे पाहिलं. "मावशी, माझा पाय सायकलनं नाही गेला. माझं रक्त थांबत नाही. मले आईकडून आलं, याले ताईकडून आलं असंल. वस्तरा नका लावू."

सासूबाई माझ्याकडे वळल्या.

"तुले माहीत होतं?"

मी मान खाली घातली.

"अन् तू मूग गिळून पाहून राहिली होती? नातू होय वं माझा!"

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. त्यांनी न्हाव्याला तिथूनच परत पाठवलं.

पुढच्याच आठवड्यात शहरातल्या मोठ्या दवाखान्यात पोराचं रक्त तपासलं. तीच खोट निघाली. माझं लग्न झाल्यापासून घरात दोन तरी नातू पाहिजेत म्हणणाऱ्या सासूबाई शेजारीच बसल्या होत्या.

"याच्या पाठीवर पोरगं झालं तर?" त्यांनी डॉक्टरांना विचारलं.

"निम्मी शक्यता. त्यालाही हे होईल किंवा नाही होणार."

"अन् पोरगी?"

"तिला सहसा त्रास नाही. पण तिच्या मुलांत उतरू शकतं."

आता ही बाई मला माहेरी धाडते, नवऱ्याचं दुसरं लग्न लावते, हेच माझ्या डोक्यात. बसस्टॉपवर त्यांनी पोराला माझ्या कडेवरून घेतलं. त्याच्या निळ्या गुडघ्यांवर पदर घातला.

"आता दुसरं नको वं," त्या म्हणाल्या. "घरच्यांले मी पाहून घेईन. आपण यालेच जगवू."