पडद्याची शिवण

मी आज जो काही आहे, तो खालापूरच्या आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या सरांमुळे. घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. बाबा साजगावला कारखान्यात कामाला. "चित्रं काढून प्वाट भरतं का, सर?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा सर स्वतःच्या ढेरीवर हात ठेवून म्हणाले, "हे काय रिकामं दिसतंय?" बाबा हसले आणि कला महाविद्यालयाच्या अर्जावर त्यांची सही झाली.

पुढे मी क्युरेटिंग शिकू लागलो. म्हणजे प्रदर्शनात काय मांडायचं, कशाशेजारी मांडायचं आणि पाटीवर काय लिहायचं, हे ठरवण्याचं काम. शेवटच्या वर्षी प्रत्येकाने आपल्या भागात एक प्रदर्शन उभं करायचं होतं. मी गणपतीच्या मंडपातले जुने रंगवलेले पडदे निवडले. साजगावच्या एका मंडळाकडे फार सुंदर पडदा मिळाला. त्यावर कैलास पर्वत होता, आणि पायथ्याशी घाट चढणारी आगगाडी, मागून ढकलणाऱ्या इंजिनांसकट.

"कोणी काढलाय, काका?" मी मंडळाच्या एका जुन्या कार्यकर्त्याला विचारलं.

"काय म्हाईत रं. आता फ्लेक्स असतो, याला कोण इचारतो? उंदरांच्या आधी तू आलास, घेऊन जा."

कर्जतच्या एका सभागृहात मी तो टांगला. शेजारी वर्गमैत्रिणीने फाटक्या फ्लेक्सच्या पट्ट्या विणून केलेली नवी कलाकृती ठेवली. पडद्याखाली पाटी लावली, 'चित्रकार अज्ञात'.

उद्घाटनाला सर आले. पाटीसमोर बराच वेळ उभे राहिले.

"खालची शिवण उसवून पाहिलीस का रे?"

"नाही सर. मूळ वस्तूला हात लावायचा नाही, असं शिकवलंय."

"बरोबर शिकवलंय. मंडप ठेंगणा होता त्यांचा. म्हणून खालून दुमडून शिवला."

माझ्या पाठीवर थाप मारून ते चहा घ्यायला गेले. सरांना प्रदर्शन आवडलं, एवढाच मला आनंद.

त्यांना मंडप ठेंगणा होता हे कसं माहीत, हा प्रश्न मला घरी गेल्यावर पडला. दुसऱ्या दिवशी मार्गदर्शक मॅडमना विचारून शिवण उसवली. सरांना फोनवर नीट ऐकू यायचं नाही, म्हणून पत्र लिहिलं. ते पोचलं तेव्हा सर दवाखान्यात होते. तिथून ते घरी आले नाहीत.

तेराव्यानंतर त्यांच्या मुलीने बंद पाकीट माझ्या हातात ठेवलं. "अक्षरावरून ओळखलं, तुझं आहे. बाबांचं पत्र मी कशी फोडू?"

आत हे होतं:

सर, नमस्कार.

शिवण उसवली. आत तुमचं नाव आहे. शेवटच्या अक्षराखाली तीच आखूड रेघ, जी तुम्ही आमच्या वहीत गुणांखाली ओढायचात. इतकी वर्षं ती रेघ पाहिली, तरी तुमचा हात मला ओळखता आला नाही. पाटी बदलली आहे. प्रदर्शन रविवारी संपेल. त्याआधी गाडी घेऊन तुम्हाला न्यायला येतो. चालायला त्रास होणार नाही, खुर्ची ठेवली आहे.

सर, तुम्ही आणखी काय काय काढलंत? शाळेत असताना मी हे कधी विचारलंच नाही.