इस्त्रीमावशीचं अपेंडिक्स

इस्त्रीमावशीला दुखणं अंगावर काढायची भारी खोड. ताप आला तर म्हणणार, वाफेत उभं राहिलं की अंग तापतंच. पाय सुजले तर म्हणणार, सगळ्यांचेच सुजतात, माझे काय वेगळे आहेत? नवरा अचानक गेला तेव्हा दोन पोरं आईच्या हवाली करून ती परक्या देशात आली आणि एका मोठ्या हॉटेलाच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करायला उभी राहिली. त्याला अकरा वर्षं झाली. या अकरा वर्षांत ती दवाखान्याची पायरी चढली नव्हती. दवाखान्याच्या कागदावर मात्र तिचं एक ऑपरेशन होऊन गेलं होतं! ही भानगड आधी सांगायला हवी.

चार वर्षांपूर्वी तिच्या खोलीत एक नवी बाई राहायला आली. मावशीपेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान, म्हणून धाकटी. लाँड्रीत सहा महिने भरल्याशिवाय दवाखान्याचं कार्ड मिळत नसे, आणि कार्ड नसलं तर दवाखान्यात कुणी दारात उभं करत नसे. म्हणून बायकांनी आपला कायदा केला होता: जिचे सहा महिने भरले नाहीत तिला जुनीनं आपलं कार्ड द्यायचं. दातदुखी, खोकला, कुणाचा सुजलेला डोळा, असली किरकोळ दुखणी त्यावर निभावून जात. धाकटीचं अपेंडिक्स किरकोळ नव्हतं. ती जमिनीवर लोळायला लागली तेव्हा मावशीनं गादीखालून आपलं कार्ड काढून तिच्या हातात कोंबलं.

"अगं, पण फोटो?" खोलीतल्या तिसरीनं विचारलं.

"त्यांना आपण सगळ्या सारख्याच दिसतो," मावशी म्हणाली. "आणि फोटोत मी बारीक आहे, ते हिलाच शोभतं."

फोटोकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. धाकटीचं अपेंडिक्स काढलं आणि ते मावशीच्या नावावर लिहिलं गेलं. चार दिवसांनी कार्ड परत गादीखाली गेलं.

मग एका सोमवारी मावशीच्याच पोटात दुखायला लागलं. आधी बेंबीपाशी, मग उजवीकडे खाली. तिनं ओवा चावला, गरम पाणी प्यायली, पोट इस्त्रीच्या टेबलाला टेकवून दिवस काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी ओकारी झाली तशी धाकटीनं तिला ओढतच दवाखान्यात नेलं. धाकटीनं एव्हाना तिथली भाषा उचलली होती.

डॉक्टर तरुण होता आणि भला होता. त्यानं उजव्या बाजूला दाबलं तशी मावशी कळवळली. त्यानं काँप्युटरमध्ये पाहिलं आणि काहीतरी बोलला. ते मराठीत सांगताना धाकटीचा चेहरा पांढरा पडला.

"म्हणतोय, अपेंडिक्स तर चार वर्षांपूर्वीच काढलंय. त्यामुळे ते नाही."

मावशीच्या पोटावर दोन बारीक व्रण होते. धाकट्या मुलाच्या पाठीवर तिनं पोरं पुरे म्हणून बिनटाक्याचं ऑपरेशन करून घेतलं होतं, त्याचे. डॉक्टरनं ते पाहिले, मान डोलावली, वायूच्या गोळ्या दिल्या. त्याला तरी दोष कसा द्यायचा? कागद आणि पोट दोन्ही एकच सांगत होते.

बाहेर येताच धाकटीनं तिचा हात धरला. "मावशी, परत आत चल. खरं सांगून टाकू."

"हात दाखवून अवलक्षण कशाला? दोघींना घरी पाठवतील. तुझी पोरगी अजून शाळेत आहे. माझ्या धाकट्याचं शेवटचं वर्ष. वायूच आहे, जाईल."

गेला नाही. बुधवारी सकाळी मावशी थरथर कापत होती आणि तिला सरळ उभं राहता येत नव्हतं. पुन्हा तोच डॉक्टर. मुतखडा असेल, तो म्हणाला; मोठी तपासणी करू, पण आज यंत्र मोकळं नाही, उद्या. मावशीनं धाकटीचं मनगट घट्ट पकडलं.

"हो म्हण त्याला. उद्या येतो म्हण."

धाकटीनं मनगट सोडवून घेतलं, सदरा वर केला आणि आपल्या पोटावरचे व्रण डॉक्टरसमोर धरले. मग ती त्याच्या भाषेत भराभर बोलत सुटली.

मावशीला त्या भाषेतले लाँड्रीपुरते शब्द येत. ओलं, डाग, आण, दिलं. आणि एक शब्द कपडे बदलायच्या खोलीतल्या पाटीवरचा, जो मुकादम टॉवेल मोजताना रोज ऐकवायचा: चोरी. तोच आता धाकटीच्या तोंडून आला. तिचं बोट मावशीच्या पिशवीकडे होतं. मावशीला सगळं कळलं. पोटात आग पेटलेली असताना ती कोपरावर उठली.

"नाही," ती डॉक्टरला त्याच्याच भाषेत म्हणाली. "मी दिलं. कार्ड, मी दिलं."

डॉक्टरनं आधी फोन उचलला आणि स्ट्रेचर मागवलं.

स्ट्रेचरबरोबर धावताना धाकटी रडत होती. "काय केलंस हे? तुझी तरी नोकरी राहिली असती."

"गप," मावशी म्हणाली. "चार वर्षं तुला धाकटी म्हणतेय. तुला चोर म्हणवून मी कुठं राहू?"

अपेंडिक्स फुटलं होतं. मावशी वाचली, थोडक्यात वाचली. अकराव्या दिवशी ऑफिसातून पत्र आलं. त्यात दोघींची नावं होती, कार्डं जमा करायची तारीख होती आणि विमानाची वेळ होती. डॉक्टरनं त्यांच्या बाजूनं दोन ओळी लिहिल्या होत्या म्हणे, पण नियम तो नियम.

विमानात दोघी शेजारी बसल्या. पट्टा लावताना मावशीचा हात पोटावरच थांबला.

"दुखतंय का गं?" धाकटीनं विचारलं.

मावशी नेहमीप्रमाणे नाही म्हणणार होती. पण तिचे डोळे भरून आले.

"हो," ती म्हणाली. "खूप दुखतंय."