दाजी आणि मायनसचा आकडा

लातूरपासून नांदेडपर्यंत भीती नावाची जी काही चीज असेल, तिचा निम्मा साठा एकट्या आमच्या दाजींकडे आहे. उरलेल्या निम्म्यात बाकीच्या जनतेनं भागवायचं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. लातूरला मुलांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवतात. नांदेडला आमच्याकडे यायला निघाले की एसटीत दाराजवळचीच जागा धरतात, आणि अहमदपूरला गाडी थांबली की खाली उतरून चाकं दाबून बघतात. एकदा कंडक्टरनं विचारलं, "तुम्ही डेपोतले का?" दाजी म्हणाले, "न्हाई, प्रवासी हाय. म्हणून तर बघतोय." घर सोडताना ते गॅसची शेगडी बंद असल्याचा फोटो काढतात, आणि हा फोटो कालचा तर नसेल, या शंकेनं अर्ध्या वाटेवरून परत फिरतात. अक्का म्हणते, भूकंपानं त्यांना असं केलं. दाजींना ते मान्य नाही. भूकंपाच्या आधीपासून मी भित्राच होतो, असं ते जरा अभिमानानंच सांगतात.

कॉलेज सुटल्यावर दाजी घरी छोटी छोटी यंत्रं बनवतात. यंत्राचा मेंदू म्हणजे नखाएवढी एक चिप आणि तोंड म्हणजे काचेची एक चिंचोळी पट्टी. पट्टीवर दोन ओळी, एका ओळीत सोळा घरं, एका घरात एक अक्षर. या घरांत काय छापून येईल याची दाजींना जेवढी धास्ती, तेवढी स्वतःच्या लग्नातही नव्हती. शंभरचे नव्व्याण्णव झाले तरी शेवटचं शून्य पट्टीवरून आपोआप पुसलं जात नाही. ते तिथंच राहतं आणि नव्व्याण्णवचे नऊशे नव्वद दिसतात. म्हणून नवं काही छापण्याआधी दाजी आख्खी ओळ कोरी करून घेतात. हीच सवय घेऊन ते लातूरजवळच्या मुरुडला एका साखरपुड्याला गेले. मंगल कार्यालयाच्या फळ्यावर आधीच्या लग्नातली दोन-तीन अक्षरं शिल्लक होती. दाजींनी खिशातला रुमाल ओला करून फळा लख्ख पुसला, त्यात आमच्या नवरीचंही नाव गेलं, आणि खडू काही कुणाला सापडेना. बरेच पाहुणे शेजारच्या बारशाला जेवून आले.

दुसरी गोष्ट मोकळ्या घराची. चिपच्या आत पाच अक्षरांचा शब्द ठेवायचा तर सहा घरं लागतात, कारण शब्द संपला हे सांगणारी एक खूण शेवटी ठेवावी लागते. तिला जागा ठेवली नाही तर शब्द शेजारच्या घरात घुसतो आणि तिथलं सगळं नासवतो. त्यामुळे पंगतीतही दाजी आपल्या शेजारचं पान रिकामं ठेवायला लावत. आमच्या आईला वाटे, जावई पितरांसाठी पान मांडून राहिलेत. ती भारावून त्यावर जिलबी वाढायची.

अशा माणसाकडे अर्धापूरच्या माधवरावांनी यंत्र मागितलं. माधवराव केळीवाले. त्यांच्याकडं केळी पिकवायची एक बंद, थंड खोली आहे. तिकडे तिला चेंबर म्हणतात. पिकताना केळी श्वास सोडतात, आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड वायू खोलीत साठत जातो. पंख्यानं तो बाहेर काढला नाही तर आत गेलेल्या माणसाला गरगरतं, आणि फार वेळ राहिला तर माणूस बाहेर येत नाही. दाजींनी वायू मोजणारं यंत्र करून चेंबरच्या दाराबाहेर बसवलं, वायू हुंगणारं त्याचं नाक तेवढं आत. आकडा वाढला की भोंगा वाजायचा. घरी त्यांनी ते कितीतरी वेळा तपासलं होतं. अक्काला त्याच्यासमोर फुंकर मारायला लावून ते आकडे लिहून घेत.

पुढे एका रविवारी दाजी आणि अक्का आमच्याकडं नांदेडला जेवायला आले होते. हात धुऊन बसतात तोच माधवरावांचा फोन आला. माधवरावांचा आवाज खणखणीत, मलाही सगळं ऐकू येत होतं.

"सर, पंखा बिघडलाय कालपासून. मशीन सकाळी लई बोंबलून राहिलं होतं. आता आपोआप गप झालंय. आकडा बी मायनस आलाय. म्हंजे गॅस गेलाच की. जातो म्या आत, माल बघतो."

फोन बंद झाला. दाजी तो तसाच कानाला लावून बसले. मग त्यांचा चेहरा पांढरा पडत गेला. वायू शून्याच्या खाली जात नसतो, एवढंच ते म्हणाले आणि नंबर लावू लागले. रिंग पूर्ण वाजून थांबली. पुन्हा लावला, पुन्हा तेच. अक्कानं काय झालं म्हणून विचारलं, तर तिच्याकडे न बघताच ते चप्पल शोधत होते.

माझ्या स्कूटरवर दाजी आजवर बसले नव्हते. बसले असते तर "हळू" याशिवाय दुसरा शब्द बोलले नसते. त्या दिवशी तरोडा नाका ओलांडल्यावर माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "जोरात घे." मला त्या शब्दानं जास्त भीती वाटली. दोन्ही बाजूंच्या केळीच्या बागा मागे पळत होत्या आणि मागच्या सीटवर रिंग वाजून वाजून बंद होत होती.

चेंबरबाहेर एका खुर्चीवर माधवरावांचा फोन पडला होता. रविवार, कामाला कुणी नाही. दार ओढून घेतलेलं, आणि दारावर दाजींचं यंत्र शांतपणे मायनसचा आकडा दाखवत होतं. दाजींनी दार उघडलं. आत, क्रेटांच्या रांगेच्या टोकाला माधवराव डोकं धरून खाली बसलेले. त्यांनी आमच्याकडं पाहिलं, पण उठता येत नव्हतं.

मी आत धावणार तेवढ्यात दाजींनी मला मागं ढकललं. "दोघं पडलो तर वढायचं कुणी?" असं म्हणून त्यांनी तिथली नायलॉनची दोरी स्वतःच्या कमरेला बांधली, गाठ दोनदा ओढून बघितली, दुसरं टोक माझ्या हातात दिलं, छाती भरून श्वास घेतला आणि आत गेले. दोरी सरकत गेली. मग थांबली. ती थांबली तेवढा वेळ माझ्या आयुष्यातला सगळ्यात लांब वेळ. मी ओढायला लागलो, आणि दाजी माधवरावांच्या काखेत हात घालून पाठमोरे बाहेर आले, चेहरा वांग्यासारखा. पहिला श्वास घेऊन ते मला म्हणाले, "वढू नको ना इतकं. पडलो असतो."

माधवरावांना वांती झाली, मग बोलू लागले. डॉक्टरांनी संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं आणि घरी सोडलं. दाजी तोवर चेंबरच्या पायरीवर, मी घरून आणून दिलेला त्यांचा लॅपटॉप मांडून बसले होते. चूक सापडली होती. त्या चिपला आकडा मायनसचाही असू शकतो की नाही, हे आधी सांगावं लागतं. दाजींनी असू शकतो असं सांगून ठेवलं होतं. तसं सांगितलं की बत्तीस हजारांच्या पुढचा आकडा उलटून मायनस होतो. आणि मायनस दिसल्यावर भोंग्याला वाटलं, धोका टळला. अक्काच्या फुंकरीनं आकडा तिथवर कधी गेलाच नव्हता. दुरुस्ती एका शब्दाची आणि एका अक्षराची होती: आकडा मायनसचा नसतो, हे चिपला एकदा आणि आकडा छापणाऱ्या ओळीला एकदा सांगायचं.

एवढ्यानं त्यांचं समाधान झालं नाही. आकड्यावर आता माझा भरवसा नाही, म्हणाले. त्या पट्टीला मराठी येत नाही. हातानं ठिपके मांडून फक्त आठ नवी अक्षरं शिकवता येतात. दाजींनी तीही तिथंच बसून शिकवली. 'थांबा आत जाऊ नका' एवढं बरोबर आठांत बसलं. अक्षरं वाकडीतिकडी आली, पण लागली.

माधवराव आता ठणठणीत आहेत. दाजींना त्यांनी कधी बोल लावला नाही. उलट दारावरची ती वाकडी अक्षरं येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं दाखवतात. दाजींनी मात्र वायूची यंत्रं करणं सोडलं. रोज दुपारी एकदा माधवरावांना फोन करतात, आवाज ऐकतात आणि ठेवतात.

परवा मी लातूरला गेलो होतो. जेवणं झाल्यावर दाजींनी शेगडीचं बटण बघितलं, परत येऊन बसले, पुन्हा उठून बघितलं. पूर्वी यावर मी आणि अक्का हसायचो. हल्ली हसत नाही. दाजींनी आमच्या दोघांच्या तोंडाकडं बघितलं.

"हसत जा की रे," ते म्हणाले. "तुम्ही हसायचे, तेव्हा मला वाटायचं, काही होत न्हाई."

अक्कानं हसायचा प्रयत्न केला. मग पदरानं डोळे पुसत ती चहा टाकायला आत गेली, आणि दाजी तिच्या मागोमाग शेगडीपाशी जाऊन उभे राहिले.