अविनाशचा अ

माझ्या जावयाचं नाव अविनाश. तुम्ही तेवढं लक्षात ठेवा, मला काही जमलेलं नाही.

नव्वदीच्या शेवटाला आम्ही नारपोलीत राहायचो. माझी लेक नंदा घरीच कॉम्प्युटरवर लोकांच्या लग्नपत्रिका करून द्यायची, म्हणून स्वतःचीही तिनेच केली. (बाहेर दिली असती तर मी सुटले असते!) डावीकडे चि. अविनाश, उजवीकडे तिचं नाव. छापायला जायच्या आधी टेमघरहून विहीणबाई ती बघायला येणार होत्या. बाई मानापानाला कडक. आधीचं एक स्थळ त्यांनी गार चहावरून परत पाठवलेलं! मी सकाळपासून घर पुसत सुटले.

शेजारच्या चाचांचे कापड विणायचे लूम खडखडत होते. जरा बंद ठेवा म्हणून विनवलं, तर म्हणाले, "भाभी, शिफ्ट चालू है. समधनजी को बोलो, ऊँचा बोलें."

पुसता पुसता मॉनिटरही पुसला. त्याच्या हनुवटीवर बटणं. त्यांवर ओलं फडकं जोरात फिरलं आणि उघडी असलेली पत्रिका सरकत सरकत डाव्या चौकटीखाली गेली! नंदाने शिकवलं होतं तशी पत्रिका बंद केली, तर मागचं विंडोज अगदी जागच्या जागी. म्हटलं, झालं आपोआप बरं. पोरीला कशाला सांगा?

विहीणबाई आल्या. नंदा पोहे करायला आत गेली आणि मी म्हटलं, पत्रिका मीच दाखवते. (हौस!) उघडली. 'चि. अ' चौकटीखाली गडप. वर ठसठशीत 'विनाश'.

विहीणबाईंनी चष्मा पुसला आणि परत वाचलं.

मी पत्रिका बंद केली, विंडोज सरळ. परत उघडली, विनाश! शेवटी देवाचं नाव घेऊन एक बटण दाबलं. 'वि' पण गेला. राहिला 'नाश'.

"दाबा अजून एकदा," विहीणबाई म्हणाल्या. "'श' तेवढा उरेल."

मी आत हाक मारली की पत्रिका परत परत सरकतेय. नंदा काहीतरी ओरडली, पण लूमच्या खडखडाटातून बाहेर एकच शब्द पोचला, "मोड!"

विहीणबाई उठल्याच. "मुलीच्याच मनात मोडायचं असेल, तर आम्ही कशाला बसायचं?"

मी त्यांचा पदर धरला. खरंच धरला. तेवढ्यात पोह्यांची बशी घेऊन नंदा आली. म्हणाली, "अहो आई, लग्न नाही, मॉनिटरचा मोड! म्हणजे चित्र दाखवायची तऱ्हा. विंडोजचा वेगळा, पत्रिकेचा वेगळा. ज्या मोडमध्ये चित्र जिथे सरकवाल, तिथलंच तो लक्षात ठेवतो. तो मोड आला की परत तिथेच नेऊन ठेवतो." आणि एका बोटाने तिने नाश, विनाश, अविनाश असं सगळं बाहेर ओढलं.

विहीणबाई बसल्या. पोहे गरम होते, म्हणून निभावलं.

लग्न झालं, नातवंडं झाली, मॉनिटर भंगारात गेला. मला तर आता चष्मा कुठे ठेवला तेही आठवत नाही. फोनवर, पत्रात जावयाचं नाव अगदी बरोबर येतं. पण तो दारात उभा राहिला की माझा मोड बदलतो, आणि विहीणबाईंच्या देखत मी म्हणते, "या, विनाशराव, बसा."