आप्पांनी उठवलेलं गाव

शाळेत शिकवून मी नुकतीच घरी आले होते. आमचं घर दौंडच्या रेल्वे कॉलनीत. मालगाड्यांचं शंटिंग दिवसभर चालू असतं, त्यामुळं दारातली हाक पटकन ऐकू येत नाही. बघते तर माळावरच्या वस्तीतला किसन उभा, पटका हातात. म्हणाला, "ताई, आप्पा गेलं." मी सहज विचारलं, "आता कुठं?" कारण आप्पा सारखे कुठं ना कुठं गेलेलेच असायचे. किसन खाली बघत राहिला. "गेलं म्हंजी… गेलं, ताई."

पाटसच्या कारखान्याकडं उसाच्या गाड्या जातात त्या रस्त्याच्या कडेला, बाभळीखाली ते बसलेले होते. गाडीवानाला वाटलं, म्हातारा दम खातोय. ऊस टाकून तो परत आला तरी म्हातारा तसाच. तेव्हा तो खाली उतरला.

भिवाआप्पा माझे थोरले चुलते. आम्ही मूळचे मेंढपाळ. आप्पांचे आजोबा पावसापाण्याच्या हिशेबानं मेंढरं घेऊन फिरायचे. एका वर्षी भीमेकाठी आजीला दिवस भरले, तळ हलवता येईना, आणि गावकऱ्यांनी त्यांची मेंढरं आपापल्या रानांत बसवून घेतली. लेंडीखतानं ज्वारी अशी आली की पुढच्या वर्षी लोकांनीच त्यांना थांबवलं, नदीलगतचा एक तुकडा दिला. आमच्या कुळातली पहिली भिंत त्या तुकड्यावर उभी राहिली. आप्पा ती भिंत पाहुण्यांना दाखवायचे. भावाभावांची वाटणी असो की सोयरीक, गाव आप्पांना विचारायचं. बौद्धवस्तीचा पाणवठा निराळा होता आणि तो आप्पांनीही कधी एक केला नाही, हे इथं लिहिलं पाहिजे. पण सुगीत सगळी माणसं एकमेकांच्या खळ्यावर असायची आणि कुणाच्या घरी माणूस गेलं तर त्या दिवशी गावात नांगर चालत नसे.

मग खाली धरण व्हायचं ठरलं. आपलं गाव पाण्यात जाणार हे कळल्यावर लोक पेटले. पोरं म्हणाली, हलायचंच नाही. आप्पा मात्र आधी उठलेली दोन गावं बघून आले. एका गावातली माणसं शेवटपर्यंत अडून बसली होती. पाणी दारात आलं तेव्हा भांडीकुंडी सोडून त्यांना पळावं लागलं होतं. ते आप्पांच्या मनात बसलं. त्यांनी कचेरीत जाऊन पुनर्वसनाच्या साहेबाची गाठ घेतली. साहेब म्हणाला, तुम्ही आपखुशीनं उठलात तर सबंध गावाला एकाच ठिकाणी जागा देतो. आप्पांना एवढंच हवं होतं. देवळापुढं गाव बसवून त्यांनी सांगितलं, "रान जाईल, घर जाईल. मानसं तरी यका जागी ऱ्हातील. माजा सबुद हाय."

तरी गंगूकाकू हलायला तयार नव्हत्या. विधवा बाई, एकुलत्या एका मुलाला, दगडूला, त्यांनी दुसऱ्याच्या रानात राबून वाढवलेलं. आप्पा त्यांच्या ओट्यावर तासभर बसले. शेवटी काकू म्हणाल्या, "भावजी, सरकारवर माजा इस्वास न्हाई. तुमी म्हंता म्हून उठते." त्या उठल्या आणि मागून सगळी आळी उठली.

पाणी येईपर्यंत साहेबाची बदली झाली होती. नव्या साहेबाकडं जुन्याचं बोलणं पोचलंच नव्हतं. एकाच गावाच्या तीन वस्त्या झाल्या. काही घरं माळावर, काही वर कालव्यापलीकडं, आणि बौद्धवस्ती तिसरीकडंच, पार आडवळणाला. आप्पा कचेरीच्या पायऱ्या झिजवत राहिले. तिथले लोक त्यांना आत घेतलं की खुर्ची दाखवायचे, चहा द्यायचे आणि बाहेर घालवायचे.

माळावर विहिरीला पाणी लागलं, पण मचूळ. त्या पहिल्याच उन्हाळ्यात वस्तीत जुलाबाची साथ आली. दोन तान्ही मुलं गेली. त्यांच्या मागून गंगूकाकू गेल्या. मी तेव्हा तिथं होते. तिरडी उचलायच्या वेळी आप्पा पुढं झाले. दगडूनं आडवा हात धरला. ओरडला नाही. म्हणाला, "तुमी खांदा देऊ नका, आप्पा. आईला तुमी येकदा उचाललं तेवढं बास झालं."

आप्पा मागं सरले. सगळे पुढं गेल्यावर बऱ्याच अंतरावरून, अनवाणी, एकटेच चालत गेले. चिता पेटली तरी जवळ आले नाहीत.

त्यानंतरच त्यांचं हे हिंडणं सुरू झालं. या वस्तीवरून त्या वस्तीवर. कुणाच्या घरी पाळणा हलला, कुणाची लेक माहेरी आली, कोण आजारी आहे, हे सगळं ते दुसरीकडं नेऊन सांगायचे. निरोप ऐकून घ्यायचे लोक, पण बस म्हणायचे नाहीत. दगडूच्या दारात तर त्यांना पाणीही मिळालं नाही. उन्हानं काळेठिक्कर पडून ते माझ्याकडं दौंडला यायचे तेव्हा मी चिडायचे. "आप्पा, तुम्हाला बघून शिव्या देतात. कशाला जाता?"

ते भाकरी कुस्करत म्हणाले, "शिव्या द्याया तरी कोन पायजे का न्हाई? सायेब गेला निघून. मी बी न्हाई गेलो तर त्यांनी कुनावर रागवायचं?"

एकदा मात्र जेवता जेवता थांबले. म्हणाले, "आज्यानं फिरनं थांबवलं. मी समद्या गावालाच पाठीवर बिऱ्हाड दिलं." आणि ताट तसंच ठेवून उठले.

त्यांच्या मातीला तिन्ही वस्त्यांवरची माणसं आली. गाव उठल्यापासून पहिल्यांदाच सगळं गाव एका जागी होतं. पण तीन घोळके करून उभं होतं. मधली जागा कुणी ओलांडली नाही. दगडू आला होता. शेवटपर्यंत थांबला. खांद्याला मात्र आला नाही, आणि त्याला कुणी बोलावलंही नाही.

परवा रविवारच्या बाजारात दगडूची बायको भेटली. चेहरा ओढलेला. धाकट्या नणंदेला, म्हणजे दगडूच्या चुलतबहिणीला, कालव्यापलीकडच्या वस्तीवर दिली आहे. त्या नणंदेचा सख्खा भाऊ इकडं अंथरुणाला खिळलाय, काही खरं नाही. "तिला सांगावा द्याचा व्हता ताई. एरवी आप्पा…" म्हणत ती थांबली. मी म्हटलं, मी जाते सांगायला. दगडू गाडीला टेकून, आमच्याकडं पाठ करून उभा होता. तो वळला नाही. तसाच म्हणाला, "कालव्यावरला पूल कवाच वाहून गेलाय. आप्पा कंच्या वाटंनं जायाचे?"

मी आठवून बघितलं. मग शेजारी भाजी घेऊन बसलेल्या माळावरच्या बायकांना विचारलं, बाजाराला आलेल्या किसनला विचारलं. आप्पा आले हे सगळ्यांनी बघितलं होतं, गेले हेही बघितलं होतं. वाट कुणालाच माहीत नव्हती.